दुसऱ्याच्या सुईदोऱ्यावर

४ फेब्रुवारी

सूनबाई, आधी चष्मा शोध. डोक्यावर आहे. पेन केसांत खोचलेलं असेल. सापडलं ना? मग लिही. तुझ्या विसराळूपणाचा काय भरवसा, महिन्याभराने हीच वही उघडशील आणि मलाच विचारशील, "अहो आई, ही भिंगरी कोण?" म्हणून पहिल्याच पानावर लिहून ठेव: भिंगरी म्हणजे तुझी पोटची लेक. पाळण्यातसुद्धा एका जागी राहिली नाही म्हणून हे नाव मी ठेवलं. आता ती विषाणूंवर संशोधन करते. प्रबंध लिहून झालाय. पाच शहाण्या माणसांसमोर उभं राहून त्यावर तोंडी परीक्षा द्यायची आहे, ती पुढच्या महिन्यात. तोवर तिच्या पोटात वेळेवर चार घास जावेत म्हणून मी तिच्या दोन खोल्यांत येऊन राहिलेय. मी म्हणजे तुझी सासू. हेही लिही. तुझं काही सांगता येत नाही.

पद्धत अशी. रोज नाही, पण बोलण्यासारखं घडलं की मी फोनवर सांगणार आणि तू उतरवून घेणार. मला अक्षर येत नाही आणि तुझ्या लक्षात काही राहत नाही. दोघींची मिळून एक धड बाई होते. वही कुणाला दाखवायची नाही, माझ्या मुलालाही नाही. आणि माझी भाषा सुधारायची नाही. गेल्या खेपेला मी 'मेला' म्हटलं तर तू 'गृहस्थ' लिहिलंस.

खोल्या तिसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या पायऱ्या उंच, माझे गुडघे बुटके. स्वयंपाकघरात दोन माणसं उभी राहिली तर एकीने श्वास आत घ्यायचा आणि दुसरीने सोडायचा. फ्रिज उघडला तर आत अर्धं लिंबू सरबत, एक वाळलेला पाव आणि कसलीशी कागदपत्रं. कागदपत्रं फ्रिजमध्ये का, विचारलं. म्हणाली, "अरे देवा, तिथे होती होय!" कुणाची लेक आहे ते काही लपत नाही.

७ फेब्रुवारी

आज मटार सोलत बसलो होतो. म्हटलं, "तू दिवसभर करतेस काय ते मला एकदा नीट सांग. खाली शिंपीण विचारते, मी नुसती मान हलवते."

भिंगरीने एक टपोरा दाणा उचलला. "ही पेशी. रक्तातली पांढरी पेशी, रोगाशी लढणारी."

"आणि हा किडका दाणा विषाणू?"

"तो इतका मोठा नसतो गं. मटारावर बसलेली धूळ समज. माझा विषाणू रेट्रोव्हायरस जातीचा. हा येतो तेव्हा त्याच्या गाठोड्यात फारसं काही नसतं. एक चिठ्ठी, आणि ती चिठ्ठी उलटी वाचून पेशीच्या लिपीत उतरवणारा एक लेखनिक. लेखनिक चिठ्ठी उतरवतो आणि ती पेशीच्या स्वतःच्या पोथीत शिवली जाते. मग पेशीला कळतच नाही, आपलं पान कुठलं आणि परक्याचं कुठलं. ती बिचारी वाचत जाते आणि त्याची कामं करत राहते."

मी म्हटलं, "म्हणजे हा मेला माझ्यासारखाच की. बोलतो हा, लिहिते दुसरी!"

इतकी हसली की मटार सांडले. गोळा करता करता पुढचं सांगितलं. प्रथिनं म्हणजे पेशीची अवजारं. सुई, कातरी, दोरा, सगळं पेशीचं. विषाणूची नवी पिलावळ जन्मते ती पेशीच्या सुईदोऱ्यावर. बाहेर पडताना नाळ कापायची ती पेशीच्याच कातरीने. आणि वर पेशीच्याच अंगावरची शाल पांघरून निघतात! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

आता तिचा शोध ऐक, हे नीट लिही. एका पेशीतून दुसरीत जायच्या याच्या दोन वाटा. एक, पाण्यात सोडलेल्या होडीसारखं वाहत जायचं, लागलं कुठे तर लागलं. दुसरी, दोन पेशी एकमेकींना धरून बसल्या की तिथल्या तिथे, हातातून हातात. ही दुसरी वाट फार जलद. पेशी एकमेकींना धरतात त्याला त्यांचं एक प्रथिन असतं. त्याचं खरं नाव आकड्यांचं आहे, भिंगरी त्याला 'कडी' म्हणते. पेशीने कडी ठेवली ती आपल्या बहिणींशी बोलायला, आणि हा चोर त्याच कडीला धरून पलीकडे उतरतो. भिंगरीने काही पेशींमधली कडी काढून टाकली, तर याचं पसरणंच मंदावलं. जगात हे आधी कुणी दाखवलं नव्हतं. तुझ्या मुलीने दाखवलं. माझ्या नातीने. आधी 'माझ्या नातीने' लिही.

१० फेब्रुवारी

शिंपिणीला सगळं सांगितलं. तिच्या दुकानात कापडाच्या ढिगावर बसून. ब्लाउजला काज करता करता ती ऐकत होती.

"म्हणजे औषध शोधलं का हो तुमच्या नातीने?"

"औषध नाही, वाट शोधली. चोर कुठून निसटतो ते कळलं."

"मशीन माझं, कापड माझं, वीज माझी, आणि माल नेणार तो. असला एक भाडेकरू होता माझ्याकडे."

"निघताना शाल नेली का?"

"पडदे नेले!"

तिला झटकन कळलं. मग मी दूधवाल्याला सांगितलं, घरमालकाला सांगितलं, जिन्यात भेटलेल्या एका अनोळखी माणसालाही सांगितलं. तो वीजमीटर बघायला आला होता. भिंगरी म्हणते, "आजी, अजून परीक्षा व्हायचीय, गाजावाजा करू नकोस." म्हटलं, "मी गाजावाजा करत नाही, मी माहिती देते."

१५ फेब्रुवारी

आज तिची प्रयोगशाळा पाहिली. डबा विसरून गेली होती, म्हणून मीच निघाले. रिक्षावाल्याला सांगितलं, "विषाणूंच्या कारखान्यात ने," तर तो वळून बघायला लागला.

गेल्याच महिन्यात यांचं बिऱ्हाड जुन्या इमारतीतून नव्या मजल्यावर हलवलंय. चकाचक फरशी. विषाणूंच्या खोलीत बाहेरच्याला जाऊ देत नाहीत, ते बरोबरच आहे. दाराला मोठी काच आहे, त्यातून बघता येतं. आत भिंगरी पायघोळ अंगरख्यात, हातात मोज्यांवर मोजे, तोंड झाकलेलं. डोळ्यांवरून ओळखली. घरी कप उचलला की बशी पडते हिच्याकडून, आणि तिथे काचेच्या नळीतून थेंब सोडत होती, जणू झोपलेल्या बाळाच्या ओठावर दूध सोडावं. मी काचेला नाक लावून उभी राहिले. माझ्या घरात इतकं शांत माणूस आहे हे मला ठाऊक नव्हतं.

तिच्याबरोबर काम करणारा एक उंच मुलगा आहे, सगळे त्याला लंबू म्हणतात. त्याने काचेतून दाखवलं, ते भिंतीला टेकवलेलं पोलादी कपाट पेशी उबवायचं. अंगाइतकं गरम, कोंबडीच्या पोटाखाली असतं तसं. कपाटावर लेबलं, चिकटपट्टी. म्हणाला, "आजी, तुमची नात रोज एक पेन हरवते. कपाटावर ठेवते म्हणे, आणि पेन गायब."

"आईवर गेलीय," मी म्हटलं. रागावू नकोस.

त्याने मला चहा आणून दिला. बाहेर बाक आहे, त्याच्या बाजूला भिंतीत ठोकलेली फळी. फळीवर कप ठेवून मी हाताने धरून बसले होते.

आता पुढचं फक्त तुला. कपातल्या चहावर वर्तुळं उठत होती. एकामागून एक, न थांबता. माझा हात, सूनबाई. मी घट्ट धरला तरी थांबेना. मग कप मांडीवर घेतला तेव्हा थांबलं. दुखणं असंच लपंडाव खेळतं. माझ्या थोरल्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं. आधी कप, मग चमचा, मग तिला कुणीतरी भरवायला लागलं. भिंगरीला यातलं अक्षर कळू द्यायचं नाही. परीक्षा आहे तिची. मी इथे तिला भरवायला आलेय, उलटं नाही.

१७ फेब्रुवारी

सकाळी शिंपिणीकडे जाऊन सुई ओवून पाहिली. पहिल्या झटक्यात ओवली. दुसरी, बारीक नेढ्याची, तीही. शिंपीण म्हणाली, "कामाला येता का?" याचा अर्थ हे येणारं-जाणारं दुखणं आहे. ते जास्त लबाड.

तू काल विचारलंस, "आई, हात घरी थरथरतो का, की तिथेच?" तू काय वैद्यीण आहेस? थरथर ती थरथर. तुझ्या नवऱ्याला सांगितलंस तर बघ.

२० फेब्रुवारी

अरिष्ट आलंय. रडू नकोस, शाई पसरते.

त्यांच्या प्रयोगशाळेत एक रीत आहे. ज्याचा शोध त्याच्या हातून शंभरदा खरा ठरला तरी तो उंबऱ्याबाहेर जात नाही. दुसऱ्या कुणीतरी, ज्याला त्यात काही मिळवायचं नाही, त्याने आपल्या हाताने तोच प्रयोग करायचा. त्याला जमलं तरच खरं. परीक्षेआधी भिंगरीच्या प्रयोगाची पाळी लंबूकडे होती. आजारी पेशी हिरव्या चमकाव्यात अशी यांची युक्ती आहे. कडी असलेल्या पेशींत हिरवं रान माजायला हवं आणि बिनकडीच्यांत तुरळक ठिपके दिसायला हवेत. लंबूच्या दोन्ही ताटल्यांत तुरळक ठिपके. फरकच नाही.

मग भिंगरीने स्वतः केला. तिच्याही हातून तेच. पेशींचा खाऊ बदलला, ताटल्या बदलल्या, विषाणू नव्याने आणला. तेच.

त्यांच्या मोठ्या बाई, म्हणजे ज्यांच्या हाताखाली ही शिकते, त्यांनी बोलावून सांगितलं. भिंगरीने जशीच्या तशी नक्कल करून दाखवली, रडता रडता: "कारण शोध. नाही सापडलं तर प्रबंधातून हे प्रकरण काढायचं आणि परीक्षा पुढे ढकलायची. वर्ष जाईल. नाहीतर परीक्षेत स्वतः उभी राहून सांग की हे पुन्हा घडत नाही, आणि त्या पाचजणांना ठरवू दे."

चार वर्षांचं काम, सूनबाई. मी भात वाढला. तिने भाताचा डोंगर केला, डोंगराचं मैदान केलं, आणि उठली.

२२ फेब्रुवारी

आमचं वाजलं. खरं ते सांगते.

मी म्हटलं, "पहिले प्रयोग चांगले आलेत ना? मग तेच दाखव. नंतरचे कुणी विचारले तर बघू."

"आजी!"

"आजी काय आजी? लग्नाला मुलगी दाखवताना कुणी ताप आलेला असतानाचा फोटो देत नाही."

"हे लग्न नाही. उद्या माझ्या शब्दावर विसंबून कुणीतरी दहा वर्षं औषध शोधत बसेल. आणि कडीचा काही संबंधच नसला तर? त्याची दहा वर्षं कुणी द्यायची, तू?"

"मी कुठली द्यायला बसलेय दहा वर्षं! माझ्याकडेच किती उरलीत ते विचार."

मला वाटलं हसेल. हसली नाही. म्हणाली, "दिसलं ते सगळं सांगायचं. आवडलं ते नाही, दिसलं ते. एवढं एकच तर काम आहे माझं." आणि दार लावून घेतलं.

मी बाहेर भांडी घासत बसले. माझंच चुकलं असं अजून मला वाटत नाही. पण तिचा आवाज कापला नाही, एवढं मात्र मी ऐकलं.

२५ फेब्रुवारी

अबोला सुटला. अंड्याची भुर्जी कामाला आली. खाताना तिने एवढंच विचारलं, "आजी, तू कप हल्ली दोन्ही हातांनी का धरतेस?"

"ऊब बरी वाटते," म्हटलं.

दिसलं ते सगळं सांगायचं म्हणे. मला कुठे परीक्षा द्यायचीय.

२८ फेब्रुवारी

तिने ठरवलं. परीक्षा पुढे ढकलायची नाही. उभी राहून सांगणार आहे.

ओट्याकडे तोंड करून सराव करते. शेगडी म्हणजे परीक्षक. "जुन्या इमारतीत केलेल्या प्रयोगांत असं दिसलं. नव्या जागेत मला आणि माझ्या सहकाऱ्याला ते पुन्हा दिसलं नाही. कारण मला अजून सापडलेलं नाही." तीन वाक्यं. तिसऱ्या वाक्याला दरवेळी घसा खाकरते. मी मागून कांदा चिरत होते. डोळे पुसले तर कांद्याचं नाव होतं म्हणून बरं.

वाईट ऐक, सूनबाई. मी सगळ्या गल्लीला सांगून बसलेय. शिंपिणीने तर परीक्षेला घालायला तिच्यासाठी जाकीट शिवायला घेतलंय. आता वीजमीटरवाल्याला कुठे गाठू? आणि तरी, सरळ पाठीने शेगडीसमोर उभ्या पोरीला बघताना मला जे वाटत होतं त्याला लाज म्हणत नाहीत. काय म्हणतात ते तूच लिही, तुला अक्षरं येतात.

२ मार्च

भर दुपारी दार वाजलं. ही घरी कधी येत नाही या वेळी. दारात उभी, मुठीत तीन पेनं आणि एक पेन्सिल.

"आजी, हे बघ!"

"पेनं. बरं. हरवलेली सापडली का?"

"कपाटाच्या मागे सापडली! सगळी! मी विसराळू नाही, आजी. मी पेन कपाटावरच ठेवत होते. आज लेबल लावता लावता सहज नजर गेली, तर पेन चालत होतं."

"बस खाली. पाणी पी."

"अगं खरंच चालत होतं! इवलं इवलं, कडेकडे. आणि पडलं मागे. मी मोजे काढले, हात धुतले, आणि बाहेरून भिंतीला तळवा लावला. भिंत थरथरतेय. पलीकडे दुसऱ्या लोकांचं काम चालतं, जंतूंचं. त्यांचा शेकर त्याच भिंतीला ठोकलाय."

शेकर म्हणजे एक मोठं ताट, बाटल्या गोल गोल हलवत ठेवणारं. जंतूंना हवा लागते म्हणून. दिवसरात्र चालू. त्या मजल्यावर सगळंच काही ना काही घरघरतं, म्हणून वेगळं कुणाला ऐकू आलं नाही. आत हातांवर दोन दोन मोजे, म्हणून कुणाला लागलंही नाही.

"आता विचार कर," ती नाचत होती, "पेशी सतत हलत राहिल्या तर एकमेकींना धरून बसतील का?"

मी म्हटलं, "चालत्या झोक्यावर हातात हात धरता येत नाही."

"मग हातातून हातात जायची वाटच बंद! उरली फक्त वाहत जायची वाट. तिथे कडी असली काय नि नसली काय, सारखंच! म्हणून फरक दिसत नव्हता!"

"मग त्या शेकरवाल्यांना चांगलं फैलावर घेतलंस की नाही?"

"मी त्यांना हात जोडून सांगून आले, काहीही झालं तरी बंद करू नका."

मला वाटलं, अतिकामाने पोर भ्रमिष्ट झाली. मग तिने समजावलं. जुन्या इमारतीत एक कपाट अजून आहे, भरभक्कम भिंतीत, शांत. त्याच पेशी, तोच विषाणू, त्याच दिवशी दोन वाटण्या करायच्या. अर्ध्या शांत कपाटात, अर्ध्या थरथरत्यात. शांततेत फरक दिसला आणि थरथरीत नाही दिसला, तर चोर हातातून हातात जातो हे तो शेकरच साक्ष देऊन सांगेल. आणि एक प्रत लंबू करणार, रीतीप्रमाणे. याला म्हणतात पथ्यावर पडणं.

डबा न घेताच पळाली. तेवढ्यात मी विचारलं, अगदी सहज, "ती भिंत बाहेरच्या अंगानेही थरथरते का गं? जिथे फळी आहे?"

"तिथे तर सगळ्यात जास्त!" जिन्यातून आवाज आला.

मी खिडकीशी गेले. उजेडात हात पुढे धरला. म्हातारा आहे, शिरा वर आल्यात, पण झाडाच्या फांदीसारखा स्थिर.

३ मार्च

सूनबाई, काल तू फोनवर हसलीस ते मी ऐकलं. पुरे.

पंधरवडाभर मी कप दोन्ही हातांनी धरला, सूप वाटीतून प्यायले, एकदा तर गुपचूप माझं मृत्युपत्र मनात केलं. बांगड्या तुला ठेवल्या होत्या. आता नाही. आणि त्या पंधरवड्यात तिकडे पोर खाऊ बदलत होती, ताटल्या बदलत होती, स्वतःला बोल लावत होती. मी चहा हलतोय एवढं तोंडातून काढलं असतं तरी पुरे होतं. पण आमच्या घराण्यात एक विसरभोळी म्हणून स्वतःला दोष देते, दुसरी म्हातारी म्हणून देते, आणि भिंतीला कुणी विचारत नाही.

भिंगरीला सांगणार नाही. शोध तिचा आहे, त्यात माझ्या कपाचं शेपूट नको.

आणि तू विचारलं होतंस, हात तिथेच थरथरतो का म्हणून. त्यावर मी तुला वैद्यीण म्हटलं. ते वाक्य खोड. नको, राहू दे. खोडलंस तर तुझं शहाणपण पुढे कुणाला दिसणार?

११ मार्च

हिरवं रान!

शांत कपाटात कडी असलेल्या पेशी हिरव्यागार, बिनकडीच्यांत तुरळक ठिपके. थरथरत्या कपाटात दोन्हींत ठिपकेच. लंबूच्या हातूनही तसंच. भिंगरीने फोनवर फोटो दाखवला. काळ्या पाटीवर हिरवे दिवे. इतकं देखणं दिसतं की आजार आहे हे विसरायला होतं. तिला म्हटलं तसं, तर म्हणाली, "म्हणूनच विसरायचं नाही, आजी."

मोठ्या बाई फार बोलत नाहीत. त्यांनी चारी फोटो ओळीने लावले, बघितले आणि म्हणाल्या, "शेकरवाल्यांचं नाव आभारात घाल." आणि हिच्या डोक्यावर टपली मारली. टपली त्यांनी आजवर कुणाला मारलेली नाही, असं लंबू सांगत होता.

१४ मार्च

आज परीक्षा. सगळं सांगते, तू मध्ये मध्ये 'मग?' विचारू नकोस.

मोठी खोली, उतरत्या खुर्च्या. मी शेवटच्या रांगेत, एका बाजूला लंबू, दुसऱ्या बाजूला शिंपीण. दुकान बंद करून आली होती, जाकिटाच्या खांद्याकडे टक लावून. "डावीकडे जरा झोळ पडलाय," सारखं तेच. पुढे ते पाचजण. मधोमध एक म्हातारे गृहस्थ (हे मी स्वतः म्हटलंय, तू सुधारलेलं नाही), भुवया इतक्या दाट की चिमणीने घरटं करावं.

भिंगरी उभी राहिली. हात एकदाही भिरभिरले नाहीत. सगळ्यात आधी तिने काय दाखवलं असेल? फसलेला प्रयोग! मग थरथरतं कपाट, पेनं, भिंत, शेकर. लोक हसले. मग चारी फोटो. हसणं थांबलं.

भुवयांनी विचारलं, "फसलेलं पहिल्यांदा दाखवलंत. लोक ते शेवटी दाखवतात, किंवा दाखवतच नाहीत. का?"

ती म्हणाली, "ते फसलं नसतं तर मला इतकंच म्हणता आलं असतं की कडी नसली की विषाणू कमी पसरतो. कसा, ते सांगता आलं नसतं. कडी उपयोगी पडते ती दोन पेशी एकमेकींना धरून असतील तेव्हाच, हे मला त्या भिंतीने सांगितलं."

"मग ती कडी मोडणारं औषध काढलं तर?"

"कडी पेशीची आहे, विषाणूची नाही. रोगाशी लढताना पेशी एकमेकींना धरतात, ते याच कडीने. ती मोडली तर चोराबरोबर घरची माणसंही कोंडली जातील. कडी शाबूत ठेवून विषाणूचा हात तेवढा त्यावरून सोडवता येईल का, ते मला माहीत नाही."

सूनबाई, मी खुर्चीतून अर्धी उठले. 'माहीत नाही' काय म्हणतेस गं, एवढी चार वर्षं शिकलीस, काहीतरी ठोकून दे! लंबूने माझं मनगट धरून खाली बसवलं. ती तशीच उभी, सरळ पाठीने. घसा खाकरला नाही.

भुवयांनी चष्मा काढला. "मलाही माहीत नाही," ते म्हणाले. "पण प्रश्न बरोबर जागी आणून ठेवलात."

मग आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं. आत पाचजण, बाहेर आम्ही. शिंपीण जाकिटाचा झोळ बोटांनी ओढत होती आणि भिंगरी तिला ओढू देत होती. दार उघडलं. मोठ्या बाई बाहेर आल्या आणि हिला नावाने नाही, 'डॉक्टर' म्हणून हाक मारली. ही मागे वळून बघायला लागली, दुसरं कोण आलं म्हणून.

मी रडले नाही. शिंपीण रडली. तिच्या डोळ्यांतलं माझ्या खांद्यावर सांडलं, एवढंच.

१६ मार्च

गल्लीत बातमी मी पोचवली, यावेळी बिनधास्त. दूधवाल्याने 'डॉक्टर' ऐकलं आणि लगेच भिंगरीला खोकल्याचं औषध विचारलं. ती म्हणते, "मी तसली डॉक्टर नाही हो." मी म्हटलं, "सांगायला काय जातं? मिठाच्या गुळण्या करा, दादा."

वीजमीटरवालाही भेटला. त्याला आठवत नव्हतं, मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मटारासकट.

काल संध्याकाळी मी बोचकं बांधायला घेतलं. काम झालं, आता घर. भिंगरी दाराला टेकून बघत राहिली. म्हणाली, "भुवया म्हणाले तो प्रश्न आहे ना, कडी शाबूत ठेवून हात सोडवायचा. मोठ्या बाई म्हणाल्या, तूच कर. सोमवारपासून सुरू."

"कर की."

"त्यात पुष्कळदा फसणार मी."

"फस."

"फसले की मी भाताचे डोंगर करते."

मी बोचक्याची गाठ सोडली. तेव्हा माझ्या मुलाला सांग, स्टेशनवर गाडी घेऊन येऊ नकोस. रागावला तर रागावू दे. त्याला म्हणावं, आई एका शोधावर काम करतेय.

आणि सूनबाई, लिंबं पाठव. चांगली टोपलीभर. पातळ सालीची, पिवळी, डाग नसलेली. एकेक दाबून बघ, बाजारवाल्याच्या गोड बोलण्यावर जाऊ नकोस. जाड मीठही पाठव, इथलं पिठासारखं बारीक आहे. मी ती काचेच्या बरणीत मिठात घालून खिडकीत उन्हाला ठेवणार आहे. मुरायला वेळ लागतो, लागू दे. आता हे वहीतच ठेवू नकोस, वेगळ्या कागदावर लिही आणि कागद फ्रिजवर लाव. फ्रिजच्या आत नाही, वर.